लॅपटॉपची पट्टी झटके का खाते : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळी व्हिडिओवाल्यांचीच पत्रं जास्त आलीत आणि फिरून फिरून सगळी एकाच जागी, म्हणजे दोन डब्यांचा ताल जुळवण्यावर येतायत, म्हणून मोबाइल-चार्जरचे प्रश्न पुढच्या अंकात घेऊ. पत्रं थोडी कापून छापलीत, राग मानू नका.

प्रश्न (सात रस्ता, सोलापूर) : दादा, आमचं लग्नाच्या शूटिंगचं काम आहे. दोन कॅमेरे, चार इनपुटचा एचडीएमआय स्विचर, आणि नवरा-नवरीची नावं, खालची सरकती पट्टी हे सगळं लॅपटॉपवरून सोडतो. कॅमेऱ्याचा पिक्चर एकदम मस्त येतो पण लॅपटॉपची पट्टी सरकताना झटके खाते. लॅपटॉप नवीन आहे, ग्राफिक कार्ड पण आहे. दुकानवाला म्हणतो जेनलॉक घ्या, आणि बराच खर्च सांगतोय. घ्यायचं का?

उत्तर : थांबा, इतक्यात पाकिटाला हात घालू नका. जेनलॉक (व्हिडिओचे सगळे डबे बाहेरून दिलेल्या एकाच तालावर बांधायची सोय) हा शब्द दुकानात फार सैल वापरतात, आणि मुळात तुमच्या लॅपटॉपला बाहेरचं सिंक, म्हणजे फ्रेम कधी सुरू करायची ते सांगणारा सिग्नल, आत घ्यायला जागाच नाही, एचडीएमआयच्या भोकातून पिक्चर फक्त बाहेर जातो, तो कधी निघायचा ते लॅपटॉप स्वतःच ठरवतो. मग जेनलॉकचा डबा आणून लावणार कुठं?

भानगड काय आहे सांगतो. व्हिडिओ काढणाऱ्या प्रत्येक डब्यात एक क्रिस्टल असतो आणि त्याच्या तालावर फ्रेमा बाहेर पडतात. आपल्याकडे टीव्हीची पाल पद्धत, त्यामुळे कॅमेरे सेकंदाला २५ नाहीतर ५० फ्रेमांवर चालतात. लॅपटॉप मात्र बहुतेक वेळा ६० हर्ट्झवर सेट होऊन येतो, तो सोलापुरात विकला काय आणि शिकागोत विकला काय. आता स्विचर ५० वर चाललाय आणि लॅपटॉप ६० ढकलतोय म्हटल्यावर दर सेकंदाला १० फ्रेमा कुठंतरी टाकून द्याव्याच लागणार. माणूस हलत असेल तर ते कळत नाही, पण पट्टी एकाच वेगाने सरळ सरकत असते, डोळा तिच्या मागं मागं जातो, आणि पाच फ्रेमा झाल्या की सहावी गायब, तिथं झटका दिसतो. स्विचर २५ वर असेल तर अजूनच वाईट, ६० मधून २५ काढायचे म्हणजे कधी दोन फ्रेमांनी एक उचलायची कधी तीन फ्रेमांनी, पट्टी लंगडत चालल्यासारखी वाटते.

म्हणून पहिलं काम फुकटात होणारं आहे. विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टीम, डिस्प्ले, मग ॲडव्हान्स्ड डिस्प्ले उघडा, वरती स्क्रीन निवडायची जागा असते तिथं लॅपटॉपची स्वतःची स्क्रीन नाही तर स्विचरवाली स्क्रीन निवडा (इथंच बरेच जण चुकीच्या स्क्रीनला ५० करत बसतात) आणि रिफ्रेश रेट ५० करा. ५० दिसतच नसेल तर डिस्प्ले ॲडाप्टर प्रॉपर्टीजमध्ये लिस्ट ऑल मोड्स बघा. आणि डुप्लिकेट ठेवू नका, एक्सटेंड ठेवा. डुप्लिकेटमध्ये लॅपटॉपचं पॅनेल आणि स्विचर दोघांना एकाच चालीने चालवायचा प्रयत्न होतो, त्यात तुमचं ५० बाजूला राहतं आणि पॅनेलचं ६० जिंकतं. स्विचरचं स्टँडर्ड पण स्वतःच्या हाताने ठरवून टाका, काही स्विचर जो सिग्नल पहिला लागेल त्याच्यावरून स्टँडर्ड पकडतात, आणि घाईत पहिला लॅपटॉप लावला की सगळा कार्यक्रम ६० वर जातो, मग कॅमेरे झटके खायला लागतात आणि शिव्या कॅमेऱ्याला बसतात.

आता कुणी म्हणेल ५० आणि ५० झालं, विषय संपला. संपत नाही, कारण लॅपटॉपचा ५० आणि कॅमेऱ्याचा ५० हे दोन वेगळे ५० आहेत. जुन्या गिरणीत वर छताजवळून एक लांब शाफ्ट जायचा, त्यावरून पट्टे उतरायचे आणि खालचे माग एकाच तालात चालायचे. आता शेडमध्ये प्रत्येक लूमला स्वतःची मोटर आहे, वेग सारखा पण दोन लूमचे धोटे एकाच क्षणी एकाच बाजूला नसतात. जेनलॉक म्हणजे तो शाफ्ट. तुमच्या स्विचरकडे शाफ्ट नाही, त्याच्याकडे दुसरी युक्ती आहे, फ्रेम सिंक. प्रत्येक इनपुटला थोडी मेमरी दिलेली असते, आलेली फ्रेम तिथं थांबवून ठेवायची आणि स्विचरच्या स्वतःच्या तालावर पुढं सोडायची. दोन क्रिस्टलमध्ये दहा लाखात ५० इतका फरक धरला तर ५० च्या चालीला साधारण ४०० सेकंदांनी एक फ्रेम जास्त किंवा कमी पडते, तेवढी एक स्विचर टाकतो नाहीतर दोनदा दाखवतो. साडेसहा मिनिटांतून एक फ्रेम. अक्षता पडत असताना ती कोण बघतंय?

एक बारीक गोष्ट राहिली. पट्टीचा वेग प्रत्येक फ्रेमला पूर्ण पिक्सेलमध्ये बसवा. ५० वर फ्रेमला ४ पिक्सेल म्हणजे सेकंदाला २००, एक अक्षर १९२० ची पूर्ण रुंदी ९.६ सेकंदात पार करतं, वाचायला चांगला वेग आहे. साडेतीन पिक्सेल ठेवलं की अक्षरांच्या कडा थरथरतात आणि मग परत दुकानवाल्याकडं जाल. ओबीएस (लाइव्ह आणि रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर) वापरत असाल तर त्याच्यात सुद्धा ५० निवडा, तिथं पण काही सांगितलं नाही तर ३० किंवा ६० बसलेलं असतं.

प्रश्न (विजापूर रोड) : सर, लॅपटॉपवरून फोटो, पीपीटी सगळं स्विचरवर दिसतं, पण एका ॲपमधला सिनेमा लावला की काळा पडदा. केबल बदलून बघितली.

उत्तर : केबलचा दोष नाही. तो सिनेमा एचडीसीपीने, म्हणजे कॉपी रोखायच्या पद्धतीने, कुलूपबंद आहे आणि स्विचरकडे किल्ली नसते, म्हणून पिक्चर जात नाही. सिंकचा याच्याशी काही संबंध नाही. बाजारात कुलूप तोडणारे डबे मिळतात, ते इथं सांगणार नाही. कार्यक्रमात दाखवायचा हक्क असलेली फाइल आणा, ती साध्या प्लेयरमध्ये चालेल.

प्रश्न (बुधवार पेठ, सोलापूर) : काकांचा नव्वदच्या दशकात केबलचा धंदा होता. माळ्यावर कमोडोर ॲमिगा ५०० आणि जेनलॉक लिहिलेला एक डबा सापडलाय. काका म्हणतात यावरून चालू सिनेमावर जाहिराती सोडायचो. हे चालू होईल का, आणि एवढ्याशा कॉम्प्युटरला जे जमत होतं ते आजच्या लॅपटॉपला का जमत नाही?

उत्तर : भाऊ, खजिना सापडलाय, पण लगेच वीज देऊ नका. ॲमिगा ५०० हे १९८७ चं मॉडेल, म्हणजे आतल्या कपॅसिटरचं वय काय झालं असेल ते तुम्हीच काढा. पोटाखाली एक झाकण असतं, ते उघडून बघा, आत मेमरीचं जास्तीचं कार्ड असेल तर त्यावर गोल निळी बॅटरी असू शकते, ती वर्षानुवर्षं पडून राहिली की गळते आणि तिचं पाणी तांब्याच्या रेषा खाऊन टाकतं. गळली असेल तर कार्ड काढून ठेवा, कार्डाशिवाय मशीन चालतं. पॉवर सप्लाय आधी मीटरवर तपासून घ्या.

आता दुसरा प्रश्न, तो मला जास्त आवडला. त्या काळच्या बऱ्याच घरगुती कॉम्प्युटरना टीव्हीचा ताल जेमतेम पाळता यायचा. कमोडोर ६४ चं पाल मॉडेल घ्या, फ्रेमला ३१२ रेषा काढतं आणि सेकंदाला ५० नाही तर ५०.१२ च्या आसपास जातं. पालची खरी मोजणी ६२५ रेषांची, दोन फील्डमध्ये (एकाआड एक रेषांचे फ्रेमचे दोन भाग) प्रत्येकी ३१२.५ रेषा. टीव्ही बिचारा सांभाळून घेतो, पण याच्यावर कॅमेऱ्याचा पिक्चर चढवायचा म्हटलं तर दोन्ही एकमेकांपासून सरकत राहणार, आणि कॉम्प्युटरला थांब म्हणायला दोरीच नाही.

ॲमिगावाल्यांनी ती दोरी पहिल्यापासून बाहेर काढून ठेवली होती. मागं २३ पिनांचा व्हिडिओ पोर्ट आहे बघा, त्यात रंगांच्या तारा आहेतच, पण बाहेरून घड्याळ आत घ्यायची एक पिन आणि ‘आता बाहेरचं घड्याळ वापर’ असं सांगायची दुसरी पिन सुद्धा आहे. पाल ॲमिगाचं मूळ घड्याळ २८.३७५१६ मेगाहर्ट्झचं, त्याला १८१६ ने भागलं की सेकंदाला १५,६२५ येतात, पालच्या रेषा बरोबर तेवढ्याच. जेनलॉकचा डबा व्हीसीआरच्या सिग्नलमधून सिंक वेगळं काढायचा, त्याला जुळणारं घड्याळ बनवायचा आणि ते ॲमिगाला द्यायचा. म्हणजे नुसता पिक्चर नाही, आख्खा कॉम्प्युटर, प्रोसेसरसकट, व्हीसीआरच्या तालावर चालायचा! टेप जराशी हळू झाली तर कॉम्प्युटर पण तेवढाच हळू. आणि स्क्रीनवरचा शून्य नंबरचा रंग म्हणजे पारदर्शक, तिथं डबा सिनेमा दाखवणार आणि बाकी जागी कॉम्प्युटरची अक्षरं. काकांची सगळी जाहिरात त्या एका रंगाच्या भोकावर चालायची म्हणा की.

आजच्या लॅपटॉपला ती दोरी नाही, कारण तिची गरज उरली नाही. मेमरी तेव्हा महाग होती, एक आख्खी फ्रेम साठवून ठेवणं म्हणजे मोठ्या स्टुडिओचं काम, म्हणून घड्याळंच बांधावी लागायची. मेमरी स्वस्त झाल्यावर मिक्सरच फ्रेम थांबवून घ्यायला लागले आणि दोरी कुणी ठेवली नाही.

चालू करताना दोन गोष्टी. २३ पिनांचा जोड दोन्ही डबे बंद असतानाच लावा-काढा, चालू असताना ओढला तर आतली चिप जाऊ शकते. आणि जेनलॉक लावल्यावर मशीन मेल्यासारखं वाटलं तर घाबरू नका, जेनलॉक काढून नुसतं ॲमिगा लावून बघा, बाहेरचं घड्याळ निवडलंय पण घड्याळ येतच नाही असं झालं की प्रोसेसरच थांबतो. अमेरिकेहून आणलेला जेनलॉक असेल तर मात्र सोडून द्या, तिकडं ५२५ रेषांची एनटीएससी पद्धत. १९९० साली आलेला व्हिडिओ टोस्टर (व्हिडिओ मिक्सिंगचं कार्ड) तुमच्या ५०० मध्ये नाही, मोठ्या ॲमिगा २००० मध्ये बसायचा आणि तिकडं फार गाजला, पण तो फक्त एनटीएससीचा, आपल्या पालवाल्यांना त्याचा काही उपयोग नव्हता.

प्रश्न (होटगी रोड) : शाळेच्या गॅदरिंगला स्टेजवर मागं एलईडी वॉल होती. डोळ्यांना छान दिसत होती, पण शूटिंगमध्ये वॉलवर आडवे काळे पट्टे फिरतात. पालक ओरडतायत. आता पुढच्या महिन्यात हुतात्मा स्मृती मंदिरात परत कार्यक्रम आहे.

उत्तर : ताई, झालेल्या शूटिंगचे पट्टे काढणं अवघड आहे, पुढच्याचं बघू. एलईडी वॉल सतत पेटलेली नसते, सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करते आणि त्यातून कमी-जास्त उजेड दाखवते. कॅमेऱ्याचा सेन्सर वरून खाली एकेक ओळ वाचत जातो. एका ओळीच्या वेळी वॉल पेटलेली, दुसऱ्या ओळीच्या वेळी विझलेली, झाला पट्टा. कॅमेरामनला सांगा शटर ऑटोवर अजिबात ठेवू नका, १/५० ठेवा. उजेड जास्त झाला तर शटर वाढवायचं नाही, आयरिस (लेन्सचं उजेडाचं भोक) लहान करा नाहीतर एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काळसर काच) लावा. ऑटोवर कॅमेरा वॉलचा लख्ख उजेड बघून शटर १/५०० वर नेतो आणि पट्टे तिथूनच सुरू होतात.

मग वॉलवाल्याला भेटा, कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी, त्या दिवशी नाही. कंट्रोलरमध्ये रिफ्रेश, म्हणजे ही उघडझाप, ३८४० हर्ट्झ करता येते का विचारा, बऱ्याच भाड्याच्या वॉल १९२० वर पडून असतात. ब्राइटनेस एकदम तळाला नेऊ देऊ नका, खूप कमी केला की प्रत्येक दिवा फार थोडा वेळ पेटतो आणि कॅमेऱ्याला अजून त्रास होतो. वॉलला जो लॅपटॉप लावलाय तो पण ५० हर्ट्झवर ठेवा, कॅमेरे ५० वर आहेत ना. बारीक जाळी दिसत असेल तर तो वेगळा आजार, कॅमेऱ्याचा फोकस वॉलवर बसलाय, मुलांना वॉलपासून थोडं पुढं उभं करा आणि फोकस मुलांवर.

मोठ्या स्टुडिओत वॉलचा प्रोसेसर आणि कॅमेरे एकाच जेनलॉकवर बांधतात, पण तुम्हाला भाड्याने मिळणाऱ्या हँडीकॅमला ती सॉकेटच नसते, तेव्हा तो विषय इथंच सोडा.

प्रश्न (अक्कलकोट) : आम्ही कीर्तन लाइव्ह करतो. आवाज आधी येतो आणि बुवांचे ओठ मागून हलतात. दुसरं म्हणजे रेकॉर्डिंग वेगळ्या ऑडिओ रेकॉर्डरवर पण करतो, ते एडिटिंगमध्ये सुरुवातीला बरोबर जुळतं आणि शेवटी शेवटी सुटतं. दोन्ही एकच दोष आहे का?

उत्तर : नाही, दोन वेगळे आहेत.

पहिल्यात पिक्चर उशिरा येतोय. वर सांगितलं तसं स्विचर फ्रेम थांबवून घेतो, कॅमेरा स्वतः थोडा वेळ घेतो, मध्ये कन्व्हर्टर असेल तर तो अजून घेतो. २५ वर एक फ्रेम म्हणजे ४० मिलिसेकंद, ५० वर २०. अशा तीन-चार फ्रेमा साठल्या आणि माइकचा आवाज सरळ मिक्सरमधून गेला की आवाज पुढं पळतो. आणि कानाला हे फार लवकर खटकतं, कारण निसर्गात आवाज नेहमी मागून येतो, आधी कधी येत नाही. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संस्थेच्या शिफारशीत आकडा दिलाय, आवाज ४५ मिलिसेकंद पुढं गेला की लक्षात यायला लागतो, मागं मात्र १२५ पर्यंत चालून जातो. तेव्हा स्विचरमध्ये किंवा ओबीएसमध्ये ऑडिओ डिले द्या. किती द्यायचा ते अंदाजाने ठरवू नका, एकाला कॅमेऱ्यासमोर टाळी वाजवायला लावा (टाळ असला तर उत्तमच, त्याचा ठोका तीक्ष्ण असतो), रेकॉर्ड करा, टाइमलाइनवर हात भिडल्याची फ्रेम आणि आवाजाचा सुळका यातलं अंतर मोजा, तेवढा डिले. केबल किंवा कन्व्हर्टर बदलला तर परत मोजा.

दुसऱ्यात उशीर ठरलेला नाही, वाढत जातो, म्हणजे दोन क्रिस्टल. दहा लाखात ५० चा फरक असेल तर तासाला ०.१८ सेकंद, दोन तासांच्या कीर्तनात एक तृतीयांश सेकंदाच्या वर. एडिटिंगमध्ये सुरुवात आणि शेवट अशा दोन्ही ठिकाणी एकेक टाळी जुळवून ऑडिओ तेवढाच ताणून घ्या, सूर बदलल्याचं कुणालाच कळणार नाही इतका फरक लहान असतो. कॅमेऱ्याऐवजी मोबाइलवर शूट करत असाल तर मात्र नुसतं ताणून भागणार नाही, बरेच मोबाइल उजेड बघून फ्रेमरेट मध्येच कमी-जास्त करतात, आधी फाइल स्थिर फ्रेमरेटमध्ये कन्व्हर्ट करा.

प्रश्न (इंजिनीअरिंगची विद्यार्थिनी, सोलापूर) : खरा जेनलॉक आज कुठे वापरतात? आणि घरच्या कॉम्प्युटरला तो मिळू शकतो का? प्रोजेक्टला काही करता येईल का?

उत्तर : टीव्ही स्टेशनात, ओबी व्हॅनमध्ये (बाहेरच्या प्रक्षेपणाची गाडी), एलईडीवर शूटिंग होतं तिथं. एक सिंक जनरेटर असतो, तो काळा पिक्चर सोडतो, नुसतं सिंक आणि रंगाचा बर्स्ट (रंगाचा ताल सांगणारा छोटा सिग्नल), त्याला ब्लॅकबर्स्ट म्हणतात, आणि सगळे कॅमेरे, सर्व्हर, ग्राफिक्सची मशीनं त्याच्याकडे बघून चालतात. एचडीमध्ये त्याच कामाला ट्राय-लेव्हल नावाचं सिंक आलं, आणि व्हिडिओ नेटवर्कवरून जायला लागल्यावर हेच काम पीटीपीने, म्हणजे इथरनेटवरून वेळ वाटून करतात, त्याचं एसएमपीटीई २०५९ हे स्टँडर्ड २०१५ मध्ये आलं.

ॲनालॉगच्या दिवसांत हे काम केवढं किचकट होतं ते एका हिशोबावरून कळेल. पालचा सबकॅरियर (रंग वाहून नेणारी लहर) ४.४३ मेगाहर्ट्झ, म्हणजे एक आवर्तन २२५ नॅनोसेकंदांचं. कोॲक्स केबलमध्ये सिग्नलला मीटरला साधारण ५ नॅनोसेकंद लागतात. म्हणजे एका कॅमेऱ्याची केबल दुसऱ्यापेक्षा १० मीटर लांब झाली की रंगाचा फेज ८० अंशांनी सरकला! म्हणून प्रत्येक डब्यावर फेज जुळवायचे स्क्रू असायचे आणि इंजिनीअर लोक व्हेक्टरस्कोपसमोर (रंगाचा फेज दाखवणारं यंत्र) बसून ते पिळत असायचे.

कॉम्प्युटरला मिळतो, पण साध्या ग्राफिक कार्डाला नाही. एनव्हिडियाच्या वर्कस्टेशन कार्डांना क्वाड्रो सिंक नावाचं जोडकार्ड लागतं. नाहीतर एसडीआय (स्टुडिओतली व्हिडिओ जोडणी) आउटपुटचं कार्ड घ्यायचं ज्याला रेफरन्स इनपुट आहे, मग ग्राफिक्स कॉम्प्युटरमध्ये बनतं पण बाहेर पडतं ते स्टुडिओच्या तालावर. टीव्हीवर खाली जी पट्टी इतकी सरळ जाते ती बहुतेक अशीच निघते.

प्रोजेक्टला जरूर करा, ॲनालॉगच घ्या, डिजिटलमध्ये काही दिसत नाही. एलएम१८८१ ही सिंक वेगळं काढायची चिप आहे, आठ पायांची, ५ व्होल्टवर चालते. पिन २ ला व्हिडिओ ०.१ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून द्या, पिन ६ वर ६८० किलोओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड जमिनीला, आणि बाहेर कॉम्पोझिट सिंक, व्हर्टिकल सिंक, विषम-सम फील्ड सगळं वेगवेगळ्या पायांवर मिळतं. पुढं ४०४६ चिपचा पीएलएल (बाहेरच्या तालाला आपलं घड्याळ बांधणारं सर्किट) लावून १५,६२५ ला लॉक करा. स्कोपच्या एका चॅनेलवर आलेलं सिंक, दुसऱ्यावर तुमचं घड्याळ, आणि लॉक लागताना सरकणारी लाट जागच्या जागी थांबते, परीक्षकांना तेवढं दाखवलं तरी पुरे. व्हिडिओच्या इनपुटला ७५ ओहमचं टर्मिनेशन मात्र द्या, ते नसलं तर सिंकची उंची दुप्पट होते, केबलमध्ये प्रतिध्वनी उठतात आणि दोष पीएलएलमध्ये शोधत बसाल.